वॉल्टर टल : एका चरित्राभोवतीचे शब्द

इंग्लंडच्या क्रीडेतिहासात आणि पहिल्या महायुद्धाच्या इतिहासात वॉल्टर टल याचे नाव बहुधा एका विशेषणाला जोडूनच येते. ते विशेषण म्हणजे ‘पहिला’. टल हा इंग्लंडमधील पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू होता, ब्रिटिश पायदळातील पहिला कृष्णवर्णीय अधिकारी होता, अशी विधाने अनेक ठिकाणी आढळतात. ती तपासू गेल्यास फार काळ टिकत नाहीत. आर्थर व्हॉर्टन हा गोल्ड कोस्टमधील अक्रा येथे १८६५ साली जन्मलेला गोलरक्षक १८८९ मध्ये रॉदरम टाउन संघाकडून व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळू लागला. त्या वेळी टल एक वर्षाचा होता. जमेकात जन्मलेल्या जॉर्ज बेमंड याला १९१५ साली, म्हणजे टलच्या दोन वर्षे आधी, तोफखान्यात अधिकारपद मिळाले होते. अशी एखादी नवी नोंद उजेडात आली की ‘पहिला’ हा शब्द सोडून देण्याऐवजी त्याच्यामागे एकेक मर्यादा जोडण्याची प्रवृत्ती दिसते. मग टल हा ‘गोलरक्षक नसलेला पहिला’ होतो. पण अॅस्टन व्हिला संघात १९०१ सालीच विली क्लार्क खेळत होता असे ध्यानात येताच आणखी एक मर्यादा शोधावी लागते. विशेषण राखण्यासाठी विशेष्याला असे कोरत नेणे हा भाषिक व्यवहार मोठा मनोरंजक आहे. परंतु त्यात मूळ मनुष्य हरवतो.

प्रस्तुत लेखाचा हेतू त्या मनुष्याचे चरित्र संक्षेपाने सांगावे आणि ते सांगताना, इतरांनी त्याच्यासाठी योजलेल्या शब्दांकडे थोडे बारकाईने पाहावे, हा आहे. टलच्या आयुष्यातील महत्त्वाचे प्रसंग कोणत्या ना कोणत्या वर्गवाचक शब्दाशी निगडित आहेत, आणि प्रत्येक वेळी शब्द व व्यवहार यांच्यामध्ये अंतर पडलेले दिसते. टलचे खरे महत्त्व त्या अंतरात आहे असे मला वाटते. पहिलेपणाचा दावा त्यामानाने गौण ठरतो.

वॉल्टर डॅनियल जॉन टल याचा जन्म २८ एप्रिल १८८८ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यातील फोकस्टन या बंदराच्या गावी झाला. त्याचे वडील डॅनियल टल हे बार्बाडोस बेटावरून आलेले सुतार. वॉल्टरचे आजोबा त्याच बेटावर उसाच्या मळ्यात गुलाम होते. म्हणजे गुलामगिरी आणि ब्रिटिश सैन्यातील अधिकारपद यांमध्ये या घराण्यात केवळ एका पिढीचे अंतर होते. आई अॅलिस पामर ही केंटमधीलच गोऱ्या कुटुंबातील मुलगी. ती १८९५ साली वारली. वडिलांनी तिच्याच नात्यातील क्लारा हिच्याशी दुसरा विवाह केला, आणि १८९७ मध्ये तेही हृदयविकाराने गेले. सावत्र मुलांचा संसार एकटीने चालविणे क्लाराला शक्य नव्हते. तेव्हा वॉल्टर आणि त्याचा थोरला भाऊ एडवर्ड या दोघांना लंडनच्या बेथनल ग्रीन भागातील मेथॉडिस्ट पंथाच्या अनाथालयात ठेवण्यात आले. एडवर्डचा आवाज चांगला होता. अनाथालयाच्या गायकवृंदाबरोबर फिरताना तो ग्लासगो येथील वॉर्नक कुटुंबाच्या दृष्टीस पडला, आणि त्यांनी त्याला दत्तक घेतले. पुढे तो दंतवैद्य झाला. वॉल्टर मात्र लंडनमध्येच राहिला. त्याने छापखान्यात उमेदवारी केली आणि अनाथालयाच्या संघात फुटबॉल खेळू लागला.

१९०८ साली तो क्लॅप्टन या हौशी संघात आला. येथे ‘हौशी’ आणि ‘व्यावसायिक’ या दोन शब्दांविषयी काही सांगितले पाहिजे. आज हे शब्द आपण केवळ मोबदला घेणे वा न घेणे या अर्थाने वापरतो. एडवर्डकालीन इंग्लंडमध्ये ते सामाजिक श्रेणी दाखविणारे शब्द होते. फुटबॉलमधील व्यावसायिकतेला अधिकृत मान्यता १८८५ साली मिळाली होती. तथापि खेळासाठी पैसे घेणारा तो कामकरी वर्गातला आणि न घेणारा तो सभ्य गृहस्थ, ही समजूत त्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिली. व्यावसायिक खेळाडूच्या मजुरीवर कमाल मर्यादाही होती, ती आठवड्याला ४ पौंड. क्लॅप्टनने १९०८–०९ च्या हंगामात हौशी संघांचा राष्ट्रीय चषक आणि लंडनमधील दोन चषक जिंकले. टल हा त्या संघातील आघाडीचा खेळाडू होता. त्याच वर्षी त्याने टॉटनम हॉटस्पर या संघाशी करार केला, म्हणजे ‘हौशी’ या सन्मानवाचक वर्गातून स्वेच्छेने ‘व्यावसायिक’ या वर्गात पाऊल टाकले. छापखान्यातील कारागिराला आठवड्याचे ४ पौंड थोडे नव्हते.

टॉटनमचा संघ त्याच वर्षी सर्वोच्च श्रेणीत चढला होता. संघाबरोबर टल अर्जेंटिना व उरुग्वे येथील दौरा करून आला आणि १ सप्टेंबर १९०९ रोजी संडरलंडविरुद्ध पहिला सामना खेळला. आरंभीच्या सामन्यांतील त्याच्या खेळाची वृत्तपत्रांनी स्तुती केली. नंतर ऑक्टोबरमध्ये ब्रिस्टल येथे जे घडले, ते मुख्यतः एका वार्ताहराने लिहून ठेवले म्हणून आपल्याला कळते. ब्रिस्टल सिटीविरुद्धच्या त्या सामन्यात प्रेक्षकांपैकी एका गटाने टलला त्याच्या वर्णावरून इतक्या अर्वाच्य शिव्या दिल्या की, वार्ताहराला त्या भाषेची तुलना लंडनच्या बिलिंग्जगेट या मासळीबाजारातील बोलीशी करून तिला त्याहूनही खालची ठरवावी लागली. बिलिंग्जगेट हे नाव इंग्रजीत शिवराळ भाषेचा प्रतिशब्दच होऊन बसले आहे. त्यात कोळणींवर अन्याय होतो हे खरे. परंतु तो विषय वेगळा.

त्या वृत्तान्ताचे पुढील वाक्य अधिक लक्षणीय आहे. मैदानावरील सर्वोत्तम आघाडीचा खेळाडू टल हाच होता, त्याचे मन व त्याची पद्धती इतकी स्वच्छ होती की फुटबॉल खेळणाऱ्या सर्व गोऱ्या पुरुषांनी त्याचा आदर्श घ्यावा, असा अभिप्राय वार्ताहराने दिला आहे. ही प्रशंसा निःसंशय मनापासूनची आहे आणि त्या दिवशी तशी लिहिण्यास धैर्यही लागले असेल. पण तिची रचना पाहावी. ज्या खेळाडूचा गौरव करावयाचा, त्याचा उल्लेख त्याच वृत्तान्तात त्याच्या रंगावरून पाडलेल्या उपनावाने केला आहे, आणि त्याच्या सद्गुणांचे माप ‘गोरे पुरुष’ हेच आहे. निंदक आणि प्रशंसक हे दोघे परस्परविरुद्ध गोष्टी बोलत असले तरी त्यांचा शब्दकोश एकच होता. भाषेच्या अभ्यासकाला शिव्यांपेक्षा ही स्तुती अधिक काही सांगून जाते.

त्यानंतर लवकरच टलला दुय्यम संघात पाठविण्यात आले. ब्रिस्टलचा प्रसंग हेच त्याचे कारण होते काय, याविषयी चरित्रकारांनी पुष्कळ तर्क केले आहेत. दोन हंगामांत मिळून तो टॉटनमतर्फे श्रेणीस्पर्धेचे केवळ १० सामने खेळला व त्याने २ गोल केले, ही वस्तुस्थिती आहे. १९११ च्या ऑक्टोबरमध्ये तो नॉर्दॅम्टन टाउन संघात गेला. या संघाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन हे होते. पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनल या संघांना त्यांनी जे वैभव प्राप्त करून दिले, त्यामुळे त्यांचे नाव फुटबॉलच्या इतिहासात कायमचे झाले. चॅपमन यांना खेळाडूची पारख होती. टलला मधल्या फळीत स्थिर स्थान मिळाले आणि शंभराहून अधिक सामने तो तेथे खेळला. या तीन वर्षांविषयी सांगण्यासारखे नाट्य फारसे नाही. त्याच्या आयुष्यातील बहुधा सर्वात सुखाची वर्षे हीच असावीत.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले, तरी फुटबॉलचा हंगाम चालूच राहिला. तरुण धडधाकट पुरुष पैसे घेऊन चेंडू खेळतात आणि हजारो तरुण ते पाहत उभे राहतात, ही गोष्ट अनेकांना लाजिरवाणी वाटली व वृत्तपत्रांतून कडक टीका होऊ लागली. वर सांगितलेला हौशी–व्यावसायिक भेद या टीकेच्या मुळाशी होता. हौशी खेळाडूला सैन्यात जाण्यासाठी फक्त मनाचा निश्चय पुरेसा होता. व्यावसायिकाला संघाशी केलेला करार मोडावा लागे. त्यातून मार्ग काढण्यासाठी १५ डिसेंबर १९१४ रोजी लंडनच्या फुलम नगरभवनात सभा भरली आणि मिडलसेक्स रेजिमेंटची १७ वी पलटण स्थापन झाली. ती ‘फुटबॉलपटूंची पलटण’ या नावाने ओळखली जाऊ लागली. टल त्याच महिन्यात तीत दाखल झाला. नॉर्दॅम्टन संघातून भरती होणारा तो पहिलाच खेळाडू होता, आणि या ठिकाणी ‘पहिला’ हा शब्द कोणतीही मर्यादा न जोडता वापरता येतो.

नोव्हेंबर १९१५ मध्ये पलटण फ्रान्सला गेली. टल साध्या शिपायापासून सार्जंटच्या दर्जापर्यंत चढला. १९१६ च्या उन्हाळ्याच्या सुमारास त्याला मनाच्या आजारामुळे इंग्लंडला परत पाठवावे लागले. कागदपत्रांत ‘तीव्र उन्माद’ अशी नोंद आहे. सैनिकांच्या तोंडी या विकाराला तोफगोळ्याचा धक्का असे नाव होते. १९१७ साली ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांनी हे नाव वैद्यकीय अहवालांत वापरण्यास मनाई केली आणि ‘मज्जाविषयक, निदान अद्याप नाही’ अशा अर्थाची अक्षरे लिहिण्यास सांगितले. शब्द काढून टाकला की रोगी कमी होतील, ही आशा काही केवळ सेनाधिकाऱ्यांपुरती मर्यादित नसते. टल बरा होऊन त्याच वर्षीच्या शरदात सॉमच्या आघाडीवर परतला, आन्क्र नदीकाठच्या लढाईत होता, आणि डिसेंबरात खंदकज्वराने पुन्हा मायदेशी गेला. तेथूनच त्याची निवड अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी झाली. स्कॉटलंडमधील गेल्झ येथील शाळेत प्रशिक्षण पूर्ण करून ३० मे १९१७ रोजी तो सेकंड लेफ्टनंट झाला.

टलच्या चरित्रातील सर्वात वादग्रस्त स्थळ हेच होय. त्याचे अधिकारपद ‘बेकायदेशीर’ होते, कारण १९१४ च्या लष्करी कायद्याच्या पुस्तिकेने कृष्णवर्णीयांना अधिकारी होण्यास बंदी केली होती, असे विधान वारंवार केले जाते. मूळ कलम वाचले असता गोष्ट तितकी सरळ दिसत नाही. लष्करी अधिनियमाचे ९५ वे कलम परकीयांच्या भरतीविषयी आहे. त्याच्या पहिल्या भागात म्हटले आहे की परकीय नागरिकांना विशिष्ट प्रमाणात सैन्यात घेता येईल, परंतु त्यांना वॉरंट ऑफिसरहून वरचा दर्जा मिळणार नाही. दुसरा भाग अपवादाचा आहे. संरक्षित प्रदेशातील रहिवासी, तसेच ‘निग्रो किंवा रंगाचा मनुष्य’, यांना वरील निर्बंध असले तरी स्वेच्छेने भरती होता येईल, आणि सैन्यात असेपर्यंत त्यांना जन्मजात ब्रिटिश प्रजाजनांचे सर्व विशेषाधिकार असल्याचे मानले जाईल, असे त्यात सांगितले आहे.

आता या वाक्यरचनेचा विचार करावा. बंदी आहे ती ‘परकीय’ या शब्दाला. टल फोकस्टनला जन्मला होता. तो जन्मतःच ब्रिटिश प्रजाजन होता आणि त्याला परकीय म्हणण्यास कोणताही आधार नव्हता. म्हणजे कलमाच्या शब्दार्थाने बंदी त्याला लागूच होत नव्हती. उलट दुसरा भाग शब्दशः घेतला तर तो सवलत देणारा आहे. मग गैरसमज उत्पन्न कोठून झाला? तो झाला शब्दांच्या स्थानावरून. ‘रंगाचा मनुष्य’ हा शब्द परकीयांच्या कलमात येऊन बसला आहे. वाचणाऱ्याच्या मनात सहज असा ग्रह होतो की रंगाचा मनुष्य हा परकीयांचाच एक प्रकार आहे. कायद्याने जे म्हटले नाही ते कायद्याच्या मांडणीने सुचविले. व्याकरणात ज्याला आपण संनिधी म्हणतो, तिचे सामर्थ्य असे असते.

यावरून सैन्यात वर्णभेद नव्हता असा अर्थ कोणी काढू नये. तो होता, आणि अधिक स्पष्ट शब्दांत होता; फक्त तो संसदेच्या अधिनियमात नव्हता, खात्याच्या पत्रकांत होता. राखीव दलातील अधिकारपदासाठी १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या माहितीपुस्तिकेत उमेदवार ‘शुद्ध युरोपीय वंशाचा’ असला पाहिजे अशी अट आहे, आणि युद्धकाळातील अर्जांतही हाच प्रश्न विचारला जात असे. येथे ‘शुद्ध’ या शब्दाला संदिग्धतेचा आधार नाही. पहिल्या परिच्छेदात उल्लेखिलेल्या जॉर्ज बेमंडने या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे लिहिले. त्याचे वडील गोरे आणि आई आफ्रिकी वंशाची होती. ते उत्तर खोटे होते असे म्हणणे सोपे आहे. परंतु प्रश्नच असा होता की प्रामाणिक उत्तर देणाऱ्याला दार बंद व्हावे. बेमंडही १९१६ च्या डिसेंबरात मारला गेला. टलच्या बाबतीत अशी पळवाट संभवत नव्हती. इंग्लंडातील निम्म्या फुटबॉलप्रेमिकांना त्याचा चेहरा माहीत होता. तरीही त्याच्या वरिष्ठांनी त्याची शिफारस केली आणि युद्धखात्याने ती मान्य केली. दोन वर्षे खंदकांतून अधिकारी मरत होते व त्यांची जागा भरणे अवश्य होते, हे त्याचे एक कारण; त्याच्या हाताखाली लढलेल्यांचा व त्याच्या वरिष्ठांचा त्याच्यावरील विश्वास हे दुसरे. पुस्तिकेतील शब्द कोणी बदलला नाही. तो तेथेच राहिला आणि व्यवहार त्याच्या बाजूने निघून गेला.

मराठी वाचकाला याच काळातील एक समांतर गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. हिंदी सैन्यात पलटणीच्या नेतृत्वाच्या दोन शिड्या होत्या आणि त्या भाषेनेच वेगळ्या राखल्या होत्या. लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर ही नावे राजाची सनद असलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची. जमादार, सुभेदार, सुभेदार-मेजर ही व्हाइसरॉयची सनद असलेल्या हिंदी अधिकाऱ्यांची. तीस वर्षे नोकरी झालेला सुभेदार-मेजरही कालच आलेल्या सेकंड लेफ्टनंटच्या खालचा. १९१७ च्या ऑगस्टमध्ये, टल अधिकारी झाल्यानंतर तीन महिन्यांनी, मोजक्या हिंदी अधिकाऱ्यांना लढाऊ दलांत राजाची सनद प्रथम देण्यात आली, आणि पुढे इंदूरच्या डेली कॉलेजात अशा उमेदवारांच्या शिक्षणाची सोय झाली. तेथे धोरण बदलावे लागले आणि त्याची घोषणा झाली. टलच्या बाबतीत धोरण न बदलता, घोषणा न होता काम झाले.

अधिकारी म्हणून टलची नेमणूक मिडलसेक्सच्या २३ व्या पलटणीत झाली. हीही फुटबॉलपटूंचीच दुसरी पलटण होती. ईप्रच्या आघाडीवरील लढाया झाल्यावर १९१७ च्या अखेरीस ती इटलीत पियावे नदीच्या काठी पाठविण्यात आली. १९१८ च्या जानेवारीच्या आरंभी टलने २६ सैनिकांची तुकडी रात्री नदी ओलांडून शत्रूच्या बाजूस नेली आणि एकही माणूस न गमावता परत आणली. हिवाळ्यातील पियावेचे वेगवान थंड पाणी आणि पलीकडे ऑस्ट्रियन पहारे हे ध्यानात घेतले म्हणजे या एका ओळीचे महत्त्व कळते. डिव्हिजनचे प्रमुख मेजर-जनरल सिडनी लॉफर्ड यांनी त्याच्या शौर्याची आणि शांतपणाची लेखी प्रशंसा केली. ब्रिस्टलच्या वृत्तान्ताशी ही प्रशंसा ताडून पाहावी. येथे रंगाचा उल्लेख नाही. गोऱ्या पुरुषांचे माप नाही. एका अधिकाऱ्याने दुसऱ्या अधिकाऱ्याविषयी जे शब्द लिहावयाचे, तेच लिहिले आहेत. ठराविक साच्याचे, कोणाही शूर सेकंड लेफ्टनंटसाठी वापरता येतील असे. ते शब्द ठराविक आहेत, हीच त्यांची थोरवी म्हणावी लागेल.

मार्च १९१८ मध्ये पलटण फ्रान्सला परत आली, ती जर्मनांच्या वसंतातील मोठ्या चढाईच्या तोंडी. २५ मार्च रोजी बापोमजवळील फाव्रय या खेड्यापाशी माघार घेणाऱ्या तुकडीत असताना टलला गोळी लागली व तो तत्काळ मरण पावला. वय २९ वर्षे. टॉम बिलिंगम नावाच्या सैनिकाने, जो पूर्वी लेस्टर फॉस संघाचा गोलरक्षक होता, त्याचे प्रेत मागे आणण्याचा प्रयत्न केला. परंतु जर्मन सैन्य इतके जवळ आले होते की त्याला ते सोडून यावे लागले. प्रेत पुढे कधीही सापडले नाही. पलटणीतील एका सहकारी अधिकाऱ्याने एडवर्डला पत्र लिहिले आणि टलच्या नावाची मिलिटरी क्रॉस या पदकासाठी शिफारस झाली होती, असे त्यात कळविले. ते पदक त्याला मिळाले नाही. ते वर्णामुळे नाकारले गेले, की युद्धाच्या त्या धामधुमीत शिफारशीचा कागदच पुढे सरकला नाही, यावर इंग्लंडमध्ये अनेक वर्षे वाद झाला आहे, आणि मरणोत्तर पदक द्यावे अशी मागणीही संसदसदस्यांनी केली आहे. माझ्या मते पदकाच्या प्रश्नाला प्रमाणाबाहेर महत्त्व आले आहे. लॉफर्ड यांचे प्रशस्तिपत्र उपलब्ध आहे आणि त्यात जे म्हणावयाचे ते म्हटलेले आहे.

त्यानंतर सुमारे सत्तर वर्षे टलचे नाव बहुतेक विस्मृतीत होते. १९९० नंतर संशोधक फिल व्हसिली यांनी अनाथालयाचे, संघांचे आणि सैन्याचे कागद एकत्र आणून त्याचे चरित्र उभे केले. १९९९ साली नॉर्दॅम्टनच्या फुटबॉल मैदानालगत त्याचे स्मारक उभारण्यात आले. ‘पहिला’ हे विशेषण त्यानंतरच्या लेखनात बळावले.

फ्रान्समधील आरा येथे, ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा सुमारे ३५,००० सैनिकांचे स्मारक आहे. भिंतींवर रेजिमेंटनिहाय व दर्जानिहाय नावे कोरली आहेत. मिडलसेक्स रेजिमेंटच्या नावांत, सेकंड लेफ्टनंट या शीर्षकाखाली, इतर नावांच्या ओळीत आडनाव आणि तीन आद्याक्षरे आहेत : टल, डब्ल्यू. डी. जे.